सभासद नोंदवहीतला इतिहास

आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याने कार्यकारिणीने स्मरणिका काढायचे ठरवले, आणि ज्या सभेत हे ठरले त्या सभेला मी गैरहजर असल्यामुळे संघाचा इतिहास लिहिण्याचे काम एकमताने माझ्याकडे आले. चिटणिसांनी फोनवर सांगितले की आठ-दहा पाने पुरेत, छायाचित्रे भरपूर आहेत, आणि सुरुवात ‘विद्यापीठाविषयीच्या कृतज्ञतेतून काही ध्येयवादी तरुण एकत्र आले’ अशी केली की पुढचे आपोआप सुचेल. मला पुढचे काही सुचले नाही, म्हणून मी कार्यालयातले लोखंडी कपाट उघडून घेतले. आत इतिवृत्ताच्या अकरा वह्या, जमाखर्चाच्या फायली, जुन्या मेळाव्यांच्या निमंत्रणपत्रिका आणि सभासद नोंदवहीचे चार जाडजूड खंड होते.

इतिवृत्ते वाचून फारसे काही हाती लागत नाही, हे मी आता अनुभवाने सांगू शकते. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा भरवण्यात आली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. जिथे खरोखर खडाजंगी झाली असणार तिथे ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा झाली’ एवढे एकच वाक्य असते आणि पुढच्याच पानावर चिटणिसाचे हस्ताक्षर बदललेले असते.

नोंदवहीचे तसे नाही. क्रमांक, नाव, पदवी व वर्ष, व्यवसाय, पत्ता आणि शेरा असे सहा रकाने, आणि त्यांतला शेऱ्याचा रकाना म्हणजे संघाने स्वतःशी केलेले बोलणे. एकेका नावापुढचा पत्ता तीन-तीनदा खोडलेला, प्रत्येक वेळी वेगळ्या शाईत. बाजूला ‘पत्र परत’, ‘वर्गणी थकीत’, ‘नोकरीनिमित्त परदेशी’, ‘थांगपत्ता नाही’. ज्यांच्या निधनाची बातमी आली त्यांच्या नावाआधी शिसपेन्सिलीने बारीकसे ‘कै.’ लिहिलेले, शाईने लिहिण्याचा धीर कोणालाच झाला नसावा, आणि ते बरेच झाले, कारण दुसऱ्या खंडात एका नावाआधीचे ‘कै.’ खोडरबराने पुसलेले असून शेऱ्यात निळ्या शाईने ‘मेळाव्यास उपस्थित’ अशी नोंद आहे.

त्या चार खंडांनी माझा लेख बिघडवला. माजी विद्यार्थी संघाचा इतिहास हा मेळाव्यांचा आणि अध्यक्षांच्या छायाचित्रांचा इतिहास नसून यादीचा इतिहास आहे, असे मला वाटू लागले. संघाने कोणाला शोधले, कोणाचा शोध सोडून दिला आणि कोणाचे नाव मुळात लिहिलेच नाही, एवढ्या तीन गोष्टी कळल्या की बाकीचे बहुतेक सगळे कळते. मग मी इतर देशांतल्या अशा संघांविषयी वाचत गेले, आणि जिथे जिथे गोष्ट रंगात आली तिथे तिथे तळाशी कोणती ना कोणती यादीच निघाली.

आधी शब्दाविषयी. आपण ‘माजी’ म्हणतो ते अरबीतून फारसीमार्गे आलेले. त्याचा अर्थ सरलेला, भूतकाळातला. माजी आमदार, माजी सरपंच, तसा माजी विद्यार्थी: पद होते, गेले. इंग्रजांनी शाळेच्या सवयीने ‘ओल्ड बॉइज’ म्हटले. लॅटिनमधला ‘अलुम्नस’ मात्र ‘पोसणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेला असून त्याचा मूळ अर्थ पोसलेले मूल, मानलेले मूल असा आहे, आणि विद्यापीठाला ‘अल्मा मातेर’, म्हणजे पोसणारी आई, म्हणण्याची रीत त्याच धातूतून आली आहे. आमदारकी जाते, पण पोसलेपण जात नाही. आमच्या कार्यकारिणीच्या बोलण्यात भावना लॅटिन असते आणि नोंदवहीतली वागणूक फारसी.

मध्ययुगीन युरोपात हा पेच नव्हता, कारण पदवी मिळाली म्हणजे माणूस विद्यापीठातून बाहेर पडत नसे, उलट त्यात दाखल होत असे. पॅरिस, ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज येथे विद्यापीठ म्हणजे इमारत नव्हे, तर शिक्षकांचा संघ. आणि मास्टर ही पदवी म्हणजे त्या संघाचे सभासदत्व. प्रत्यक्ष शिकवणारे एका वर्गात, शिकवणे सोडून धर्मसेवेत किंवा राजसेवेत गेलेले दुसऱ्या वर्गात, पण नावे दोघांचीही पटावर. ऑक्सफर्डची ‘कॉन्व्होकेशन’ आणि केंब्रिजची ‘सिनेट’ या पदवीधरांच्या सभा ही या व्यवस्थेची पुढची रूपे होत. वेगळा माजी विद्यार्थी संघ काढण्याची गरजच तिथे भासली नाही, कारण माजी विद्यार्थी कागदोपत्री आजी होते.

गरज भासली ती अमेरिकेत. येलमध्ये १७९२ पासून पदवीधर वर्गवार संघटित होऊ लागले होते. चार वर्षे एकाच पाठ्यक्रमाच्या घाण्याला जुंपलेली तीस-चाळीस मुले, त्यांतला एक जण चिटणीस, आणि त्याच्याकडे सगळ्यांचे पत्ते, अशी ती साधी रचना होती. पण सगळ्या वर्षांचे मिळून जे पहिले मंडळ निघाले आणि आजही चालू आहे, ते विल्यम्स महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचे, १८२१ सालचे; आणि त्याच्या जन्माची कहाणी स्मरणिकेत शोभणारी नाही.

विल्यम्स हे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, डोंगरांच्या बेचक्यात १७९३ मध्ये सुरू झालेले छोटे महाविद्यालय. रस्ते वाईट, विद्यार्थी मोजके, पैसा त्याहून मोजका. अशा आडबाजूला महाविद्यालय टिकणार नाही, ते नदीखोऱ्यातल्या नॉर्थॅम्प्टनला हलवावे, असे विश्वस्तांच्या आणि अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर यांच्या मनाने घेतले. राज्याच्या विधिमंडळाने १८२० मध्ये परवानगी नाकारली. पुढच्याच वर्षी मूर यांनी राजीनामा दिला आणि ते पंधरा विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ॲमहर्स्ट येथे नव्याने निघालेल्या महाविद्यालयाचे प्रमुख झाले. (जाताना त्यांनी ग्रंथालयातली पुस्तकेही नेली असे दोन्हीकडचे विद्यार्थी आजही एकमेकांना ऐकवतात; त्याला पुरावा नाही, पण भाऊबंदकीत असे एखादे हरवलेले भांडे लागतेच.) मागे राहिलेल्या महाविद्यालयाला नवा अध्यक्ष मिळेल की टाळे लागेल, हे कोणी सांगू शकत नव्हते. अशा वेळी सप्टेंबरमधल्या पदवीदान समारंभासाठी आलेले जुने पदवीधर एकत्र बसले आणि त्यांनी मंडळ स्थापन केले. एडवर्ड ग्रिफिन हे नवे अध्यक्ष आले, महाविद्यालय जिथल्या तिथे राहिले आणि मंडळही राहिले.

त्या खोलीत बसलेल्या माणसांच्या मनात कृतज्ञता नव्हती असे मी म्हणणार नाही. पण नुसती कृतज्ञता ही माणसाला घरी स्वस्थ बसून बाळगता येते. आपली पदवी ज्या संस्थेची आहे ती संस्थाच उद्या नसेल, तर त्या कागदाचे काय करायचे, या धास्तीने माणसे गावोगावहून येऊन एका खोलीत बसतात. आणि अशा मंडळाचे पहिले काम अर्थातच हयात असलेले पदवीधर कोण आणि कुठे आहेत हे धुंडाळण्याचे असणार.

विल्यम्सच्या पाठोपाठ असे संघ निघत गेले. प्रिन्स्टनचा संघ १८२६ चा. त्याचे पहिले अध्यक्ष जेम्स मॅडिसन. हार्वर्डचा १८४० चा. पहिले अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स. दोघेही त्यापूर्वी देशाचे अध्यक्ष होऊन गेलेले, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष हे माजी विद्यार्थ्यांचे अध्यक्ष. मोठ्या नावाचा अध्यक्ष आणि खरे काम करणारा अनामिक चिटणीस ही वाटणी तेव्हापासूनची आहे असे दिसते.

आमच्या संघाच्या पहिल्या इतिवृत्तातही मला कृतज्ञता सापडली नाही. सापडला तो एक निषेधाचा ठराव. विद्यापीठाने एक लहान विभाग विद्यार्थीसंख्येअभावी बंद करायचे ठरवले होते, त्या विभागाच्या पदवीधरांनी इतरांना हाताशी धरून बैठक बोलावली, आणि निषेध नोंदवणाऱ्यांना काही तरी नाव हवे म्हणून संघ स्थापन झाला. विभाग पुढे बंद पडला. संघ मात्र उरला. आणखी तीन वर्षांनी विद्यापीठाच्या सल्ल्याने घटना लिहिली गेली, त्यात ‘विद्यापीठाशी स्नेहसंबंध वृद्धिंगत करणे’ हे पहिले उद्दिष्ट आले आणि स्थापनेची तारीख म्हणून घटना मंजूर झाल्याचा दिवस धरला गेला. म्हणजे सुवर्णमहोत्सव तीन वर्षे उशिराने होतो आहे, हे मी चिटणिसांना कळवले. त्यांनी ‘निमंत्रणे छापून झाली आहेत’ एवढेच उत्तर दिले.

संघाच्या यादीला वजन येते ते मत देण्याचा अधिकार तिला चिकटला की. हार्वर्डच्या ‘ओव्हरसीअर्स’ या देखरेख मंडळाची निवड करण्याचा अधिकार १८६५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाकडून पदवीधरांकडे आला, आणि मेळाव्याला जमणारी मंडळी एकाएकी मतदार झाली. स्कॉटलंडमध्ये १८५८ च्या कायद्याने प्रत्येक विद्यापीठाला पदवीधरांची ‘जनरल कौन्सिल’ मिळाली, आणि लंडन विद्यापीठालाही त्याच वर्षी पदवीधरांची कॉन्व्होकेशन मिळाली. हा अधिकार चांगला की वाईट, याचे सरसकट उत्तर देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हे केंब्रिजने १८९७ मध्ये दाखवले.

केंब्रिजमध्ये स्त्रियांना १८८१ पासून पदवी परीक्षेला रीतसर बसता येत होते. पदवी मात्र मिळत नव्हती. न्यूनम या तिथल्या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या फिलिपा फॉसेट यांना १८९० मध्ये गणिताच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या पुरुषाहूनही अधिक गुण मिळाले, आणि निकालात त्यांची जागा ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ अशी जाहीर करावी लागली, कारण सीनिअर रँग्लर हा पहिल्या आलेल्याचा किताब स्त्रीला देता येत नव्हता. सात वर्षांनी प्रस्ताव आला तोही स्त्रियांना विद्यापीठाचे सभासदत्व देण्याचा नव्हता. पदवीचे नुसते नाव लावू द्यावे एवढाच होता. निर्णय सिनेटचा, आणि सिनेट म्हणजे देशभर विखुरलेले सगळे एम. ए., ज्यांनी शुल्क भरून आपले नाव पटावर जिवंत ठेवले होते. कोणी दूरच्या खेड्यात धर्मोपदेशक, कोणी वकील, कोणी शाळामास्तर. कित्येकांनी पदवीनंतर विद्यापीठात पाऊल ठेवले नव्हते. २१ मे रोजी त्यांना आणण्यासाठी लंडनहून खास गाड्या सोडण्यात आल्या. सिनेट हाउससमोरच्या दुकानाच्या वर सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा टांगलेला होता. प्रस्तावाच्या बाजूने ६६१ आणि विरुद्ध १,७०७ मते पडली. मग गाड्या मतदारांना घेऊन परत गेल्या आणि विद्यार्थ्यांनी तो पुतळा उतरवून न्यूनमच्या फाटकापर्यंत मिरवत नेला.

मला यातली गाडीची गोष्ट विसरता येत नाही. त्या दिवशी आलेल्यांपैकी बहुतेकांना स्त्रियांच्या शिक्षणाचा त्रास व्हायचे काही कारण नव्हते. ते शिकवत नव्हते, तिथे राहत नव्हते, त्यांना लगेच परत जायचे होते. ते आपल्या तरुणपणीचे विद्यापीठ जसेच्या तसे राहावे म्हणून आले होते. माजी विद्यार्थ्याच्या प्रेमात हा धोका कायमचा आहे: त्याच्या डोळ्यांसमोरची संस्था तो बाहेर पडला त्या दिवशी थांबलेली असते, आणि तिच्यात नंतर झालेला प्रत्येक बदल त्याला मोडतोड वाटतो. आमच्या मेळाव्यांत ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारी भाषणे मी वीस वर्षे ऐकते आहे आणि आता स्वतःही करू लागले आहे.

मात्र पदवीधरांच्या हाती मत म्हणजे प्रतिगामीपणाच, असे म्हणावे तर लंडन आडवे येते. तिथल्या कॉन्व्होकेशनने संमती दिली आणि १८७८ च्या सनदेने लंडनच्या सगळ्या पदव्या स्त्रियांना खुल्या झाल्या. केंब्रिजला स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ उजाडले. तोवर १९२६ मध्ये दूरस्थ एम. ए. मंडळींच्या हातून कारभार काढून घेऊन तो प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या ‘रीजंट हाउस’कडे देण्यात आला होता. मधल्या काळातली एक हकीकत माझ्या विषयाला फारच लागू आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाने १९०४ मध्ये स्त्रियांना पदवी देण्यास सुरुवात केली, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधरांना परस्पर तीच पदवी देण्याची त्यांची जुनी रीत होती. तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये सगळ्या परीक्षा उत्तीर्ण होऊनही बिनपदवीच्या राहिलेल्या सातशेहून अधिक स्त्रिया १९०७ पर्यंत आगबोटीने डब्लिनला जाऊन पदवी घेऊन आल्या. शिकल्या एकीकडे, नाव लागले दुसरीकडच्या पटावर.

पदवीधरांचा मताधिकार विद्यापीठापुरताच राहिला नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज सतराव्या शतकाच्या आरंभापासून ब्रिटिश संसदेत स्वतःचे प्रतिनिधी पाठवत होती, लंडन विद्यापीठाला १८६८ पासून एक जागा मिळाली. एका माणसाला दोन मते कशासाठी, या रास्त आक्षेपावरून १९४८ च्या कायद्याने या जागा रद्द झाल्या आणि १९५० च्या निवडणुकीपासून त्या नाहीशा झाल्या. त्याच १९५० मध्ये अमलात आलेल्या भारताच्या राज्यघटनेत मात्र कलम १७१ नुसार विधान परिषदेच्या सुमारे एक-द्वादशांश जागा पदवीधरांसाठी ठेवलेल्या आहेत. पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली असावीत ही अट. मूळ मालकाने मोडीत काढलेली वस्तू आपण त्याच वर्षी नवी म्हणून घरात मांडली, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने करावी लागते, मागच्या वेळचे नाव पुढे चालत नाही. नोंदवही सांभाळणाऱ्या कोणाही चिटणिसाला यातले दुःख समजेल.

स्त्रियांनी दुसऱ्यांच्या यादीत नाव लागण्याची वाट न पाहता स्वतःची यादी केली, ती हकीकत मला सगळ्यांत आवडली. एडवर्ड क्लार्क या बोस्टनच्या डॉक्टरांनी १८७३ मध्ये पुस्तक लिहून सांगितले होते की उच्च शिक्षणाच्या ताणाने स्त्रियांची प्रकृती, विशेषतः जननक्षमता, बिघडते. पुस्तक हातोहात खपले. पुढे १८८१ च्या नोव्हेंबरमध्ये मॅरियन टॅल्बट आणि एलेन स्वॅलो रिचर्ड्‌स यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या महाविद्यालयांतल्या सतरा पदवीधर स्त्रिया बोस्टनमध्ये जमल्या आणि त्यातून महाविद्यालयीन माजी विद्यार्थिनींची संघटना निघाली. भाषणे आणि चहापाणी करण्याऐवजी त्यांनी आपल्या यादीचा उपयोग केला: पदवीधर स्त्रियांना प्रश्नावली पाठवून प्रकृतीची माहिती मागवली. ७०५ जणींनी उत्तरे दिली. १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य जणी ठणठणीत असल्याचे दिसले. डॉक्टरसाहेबांच्या पुस्तकात मोजक्या रुग्णांच्या हकिकती होत्या. यांच्याकडे पत्ते होते. माजी विद्यार्थ्यांच्या यादीचा याहून चांगला उपयोग कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

आमच्या नोंदवहीत मी स्वतः दोन ठिकाणी आहे. तिसऱ्या खंडात माहेरच्या नावाने, पदवीच्या वर्षासकट. शेरा: ‘पत्र परत. थांगपत्ता नाही.’ चौथ्या खंडात लग्नानंतरच्या नावाने, आजीव सभासद म्हणून, आणि पदवीच्या रकान्यात ‘माहिती मागवावी’. म्हणजे ज्या वर्षी मी कार्यकारिणीत निवडून आले त्याच वर्षी संघाच्या हिशेबी मी बेपत्ता होते. हे लक्षात आल्यावर मी ‘थांगपत्ता नाही’ असा शेरा असलेली नावे मोजली, तेव्हा त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया निघाल्या. त्या हरवल्या नव्हत्या. आमच्या वहीत आडनाव बदलण्यासाठी रकाना नव्हता.

पैशाविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी सगळेच लिहितात. येलने १८९० मध्ये दरवर्षी सर्व पदवीधरांकडून जमेल तशी रक्कम मागणारा निधी सुरू केला. एखाद्या श्रीमंताकडून एकदाच मोठी देणगी घेण्याऐवजी पुष्कळांकडून पुन्हा पुन्हा थोडे मागायचे, ही त्यातली युक्ती. युक्ती फळली, पण मागणाऱ्याला पत्ते अद्ययावत ठेवावे लागतात, म्हणून पगारी चिटणीस आले, मासिके आली, आणि १९१३ मध्ये अशा चिटणिसांचीच एक संघटना ओहायोत निघाली. हौस जाऊन व्यवसाय आला. पैसा देणारा बोलू लागतो हेही ओघाने आले. प्रिन्स्टनमध्ये वुड्रो विल्सन अध्यक्ष असताना त्यांनी १९०७ मध्ये तिथले उच्चभ्रू भोजनक्लब मोडून सर्व विद्यार्थ्यांनी चौकाभोवतीच्या वसतिगृहांत एकत्र राहावे अशी योजना मांडली. विश्वस्तांनी आधी मान डोलावली, पण क्लबांत रमलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी गदारोळ केल्यावर काही महिन्यांतच पाठिंबा काढून घेतला. विल्सन पुढे देशाचे अध्यक्ष झाले, क्लब मात्र त्यांना हलवता आले नाहीत.

डार्टमथ या अमेरिकी महाविद्यालयाचे प्रकरण तर कोर्टापर्यंत गेले. १८९१ च्या समझोत्यानुसार तिथल्या विश्वस्तांपैकी निम्मे पदवीधरांनी सुचवायचे असे ठरले होते. या शतकाच्या आरंभी प्रस्थापितांविरुद्ध अर्ज भरलेले उमेदवार लागोपाठ निवडून येऊ लागले, तेव्हा २००७ मध्ये मंडळाने आपण नेमायच्या विश्वस्तांच्या आठ जागा वाढवून पदवीधरांचे निम्मेपण संपवले. संघाने महाविद्यालयावर दावा लावला. पुढच्या वर्षी संघाचीच निवडणूक झाली, दावा मागे घेऊ म्हणणारे निवडून आले आणि त्यांनी तो मागे घेतला. आपल्याच संस्थेवर खटला भरणाऱ्या संघाला कृतघ्न म्हणायचे की जागरूक, हे ठरवताना मी अडखळते; १८२१ मध्ये विश्वस्तांच्या इच्छेविरुद्ध जमलेल्यांना आपण जागरूकच म्हणतो.

आता वह्या गेल्या आणि संगणकातल्या याद्या आल्या. ऑक्सफर्डच्या कुलपतिपदासाठी पदवीधरांना पूर्वी झगा घालून प्रत्यक्ष हजर राहून मत द्यावे लागे. २०२४ मध्ये विल्यम हेग निवडून आले ती निवडणूक प्रथमच ऑनलाइन झाली. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या माहितीसंरक्षणाच्या नियमांमुळे तिथे कोणाची माहिती कशासाठी आणि कोणत्या आधारावर ठेवली हे संघाला सांगावे लागते, आणि संपर्क नको म्हणणाऱ्याला वगळावे लागते. ‘थांगपत्ता नाही’ आणि ‘थांगपत्ता लागू द्यायचा नाही’ हे दोन वेगळे रकाने त्यामुळे पहिल्यांदा झाले. आमच्या वहीत दुसरा रकाना असता तर त्यात किती नावे पडली असती, याचा विचार मी करत नाही.

माझा लेख स्मरणिकेत अखेर तीन पानांचा झाला. निषेधाचा ठराव ‘काही शैक्षणिक प्रश्नांवर विचारविनिमय’ या शब्दांत उरला, स्थापनेची तारीख घटनेचीच राहिली, आणि सुरुवात कृतज्ञतेने झाली. हे सगळे मी साधकबाधक चर्चेनंतर मान्य केले. त्या बदल्यात एक गोष्ट पदरात पाडून घेतली. ज्यांचा पत्ता नाही अशा सर्वांची नावे, पदवीच्या वर्षासह आणि स्त्रियांची नोंदलेल्या मूळ नावाने, शेवटच्या चार पानांवर छापायची. कोषाध्यक्षांनी त्या पानांना जाहिराती मिळाल्या असत्या असे दोनदा बोलून दाखवले.

संदेश, शुभेच्छा, अध्यक्षीय मनोगत यांतल्या कशालाही उत्तर आले नाही. त्या चार पानांना येते आहे. एकीने लिहिले की माझे नाव छापले याचा आनंद झाला, पण वर्ष चुकले आहे. एका मुलाने कळवले की वडील वारले, आणि यादीत त्यांच्या शेजारी छापलेल्या नावाचे गृहस्थ त्यांचे जन्माचे मित्र होते, त्यांचा पत्ता लागला तर हवा आहे. तिसरे पत्र एका बाईंचे आहे. त्या दुसऱ्या वर्षाला असताना घरच्या अडचणीने शिक्षण सोडून गेल्या. वसतिगृहात त्यांच्या खोलीत राहणाऱ्या तिघींची नावे यादीत आहेत, त्यांचे नाव नाही. पदवी घेतली नाही म्हणून मी विद्यापीठाची विद्यार्थिनी नव्हते का, एवढेच त्यांनी विचारले आहे, आणि सोबत सभासदत्वाच्या वर्गणीचा धनादेश जोडला आहे.

आमच्या घटनेच्या चौथ्या कलमात ‘विद्यापीठाची पदवी संपादन केलेली व्यक्ती’ असे शब्द आहेत. मी कार्यकारिणीला लिहून दिले की अमेरिकेत बहुतेक ठिकाणी काही काळ शिकलेल्यालाही माजी विद्यार्थी धरतात, आणि हार्वर्ड अर्धवट सोडलेल्या बिल गेट्स यांना त्याच हार्वर्डने २००७ मध्ये मानद पदवी देऊन पदवीदानाच्या दिवशी भाषणाला उभे केले होते. चिटणिसांचे म्हणणे असे की हा घटनादुरुस्तीचा विषय आहे, त्याला सर्वसाधारण सभेत दोन-तृतीयांश मते लागतील आणि तोवर धनादेशाची मुदत संपेल. धनादेश तूर्त कपाटात आहे. विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर घेतला आहे; सहाव्या क्रमांकावर कपाटाच्या कुलपाची दुरुस्ती आहे.